सिल्लोडच्या मोंढ्याची दाढ

दाताच्या डॉक्टरकडे कुणी सरळ येत नाही. आधी लवंग होते, मग हिंग होतो, मग शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून तंबाखूची चिमूट होते. मेडिकलवाल्यानं अंदाजानं दिलेल्या गोळ्या संपतात. एवढं करूनही दाढ ऐकत नाही म्हटल्यावर मग माणूस गाल धरून आमच्या पायरीवर येऊन बसतो आणि वर आम्हालाच विचारतो, "लई दुखंल का हो?" अहो, दुखतंय म्हणून तर आलात!

छावणीत तीस-पस्तीस वर्षं माझा दवाखाना होता. अजूनही आहे, पण आता भाची बसते. माझ्या गुडघ्यांनी उभं राहून काम करायला नकार दिला, तेव्हा मी खुर्ची सोडली. लोकांनी मात्र मला सोडलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच नात्यातल्या एका लग्नात नवरदेवाची आई "जय भीम, ताई" म्हणत जवळ आली. मला वाटलं, जेवायला बसा म्हणतेय. तिनं आ वासला आणि मागची दाढ दाखवली. मंगल परिणय चालू होता, मंडपात वंदना सुरू होती आणि मी मोबाइलच्या उजेडात वरमाईच्या तोंडात बघत होते.

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते रूट कॅनालला. तेव्हा ते काय असतं ते एकदा सरळ सांगून टाकते. दाढ बाहेरून दगड दिसते, पण आतून पोकळ असते. त्या पोकळीत मऊ नस असते आणि ती मुळांच्या बारीक नळ्यांमधून खाली जाते. कीड पोखरत नसेपर्यंत पोहोचली, किंवा दाढेला चीर जाऊन आत घाण शिरली, की नस सुजते. बोट सुजलं तर फुगतं. नसेला मात्र फुगायला जागाच नसते, चारी बाजूंनी भिंती. म्हणून ती ठणकते. आम्ही काय करतो, तर ती आजारी नस काढतो, नळ्या धुऊन-घासून साफ करतो, कोरड्या करून भरतो आणि वर टोपी बसवतो. दाढ आपल्या जागेवर राहते. एवढंच आहे.

दुखतं का? इंजेक्शनची सुई टोचते तेव्हा मुंगी चावल्याइतकं दुखतं. मग ओठ जड होतो, गाल शेजाऱ्याचा वाटायला लागतो आणि पुढचं काही कळत नाही. तोंडावर रबराचा पातळ पडदा लावतात. त्यातून फक्त ती एक दाढ वर काढलेली असते, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. घरघर आवाज येतो तो मशीनचा. तो दुखण्याचा आवाज नसतो, पण हे लोकांच्या कानाला पटत नाही.

छावणीत असल्यामुळे माझ्याकडे फौजी पुष्कळ यायचे. एक रिटायर सुभेदार होते. मिशा अशा की मास्कबाहेर यायच्या. ते खुर्चीत ताठ बसले, मी सुई हातात घेतली, तसे उठून उभे राहिले. "मॅडम, जरा गाडी का लॉक देखके आता हूँ," म्हणाले आणि गेले ते गेलेच. नंतर माझ्या मदतनीस आपाने सांगितलं, ते सायकलवर आले होते.

फर्दापूरचा एक गाइड होता, लेणी दाखवायचा. त्याला बजावून सांगितलं होतं की सुन्नपणा उतरेपर्यंत काम करू नको. तो इथून सरळ अजिंठ्याला गेला आणि पाहुण्यांच्या गटाला घेऊन आत शिरला. अर्धा ओठ लोंबलेला, शब्द जड, मधूनमधून रुमालानं तोंड पुसतोय. पाहुण्यांना वाटलं, हा माणूस रोज ही चित्रं बघतो तरी अजून भारावून जातो. त्याला त्या दिवशी इतकी बक्षिशी मिळाली की दुसऱ्या बाजूची दाढ कधी किडेल याची तो वाट बघत होता.

आता या आपाबद्दल सांगायला हवं. नसीम आपा माझ्याकडे पहिल्या वर्षापासून. हत्यारं उकळणं, सिमेंट कालवणं आणि पेशंटचा हात धरणं ही तिची कामं. तिसरं काम सगळ्यात अवघड. खुर्ची मागं कलायला लागली की आपा म्हणायची, "बस, हो गया." पेशंटनं अजून तोंडही उघडलेलं नसायचं. मी समजावून सांगणारी आणि ती खोटं बोलणारी, आणि लोकांचा विश्वास तिच्यावर.

एक गोष्ट मात्र आजही सलते. या धंद्यात मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "काढून टाका." माणूस सोयगावहून, कन्नडहून येणार, एकदा यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. तो तीन-चार फेऱ्या कशा मारणार? वाचवता आल्या असत्या अशा पुष्कळ दाढा मी लोकांच्या हट्टानं काढल्या. स्टीलच्या ट्रेमध्ये दाढ पडली की टण्ण वाजते. तो आवाज मला कधीच आवडला नाही.

साहेबराव अण्णा आले ते मात्र उलटंच मागणं घेऊन.

दसरा जवळ आला होता. अण्णा आणि त्यांच्या पत्नी, काकू, सिल्लोडहून सकाळच्या एसटीनं आले. अण्णांचा उजवा गाल इतका सुजला होता की डोक्यावरची टोपी एका बाजूला वर उचलल्यासारखी दिसत होती. मी विचारलं, "कुठली दाढ?"

"उजवी. खालची. मोंढ्यातली," अण्णा म्हणाले.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदर सारखा केला. "अवं बाई, ही दाढ आमची नाय. आख्ख्या सिल्लोडची हाय. आमच्या घरी निस्ती झोपायला येती."

मग उलगडा झाला. अण्णांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान. शेतकरी मका आणतो, व्यापारी घेतो आणि मधे अण्णा. मका किती वाळलाय यावर सगळं ठरतं. ओला घेतला तर पोत्यात बुरशी धरते, जास्त वाळवला तर शेतकऱ्याच्या मालाचं वजन घटतं. ओलावा मोजायचं मशीन आलं होतं, पण ते व्यापाऱ्याचं, म्हणून शेतकरी त्याला मानत नसत. अण्णा ढिगातून दाणा उचलायचे आणि उजव्या दाढेखाली धरून चावायचे. कट्कन फुटला तर म्हणायचे "बांधा". दबला, चेपला तर म्हणायचे "अजून दोन उन्हं". म्हणजे दोन दिवस उन्हात पसरा. यावर ना शेतकरी वाद घालायचा, ना व्यापारी. भांडण पेटलं की लोक म्हणायचे, दाढेला विचारा. अण्णांच्या वडिलांनीही असंच केलं होतं. इतकी वर्षं दाणे फोडून फोडून त्या दाढेला बारीक चीर गेली होती आणि चिरीतून रोग आत उतरला होता.

अण्णांनी हात जोडले. "बाई, सूज उतरवा. गोळ्या द्या. सुई मारा. पर हिला हात लावायचा नाय."

"अण्णा, नस काढावी लागेल."

"नस काढली की दाढ मेली. मेलेल्या दाढंला मका काय कळंल? आन् मका आठ-दहा दिसांत यायला लागंल. मी मोंढ्यात कोन्त्या तोंडानं बसू?"

त्यांचे डोळे भरून आले होते. दुखण्यानं नव्हे, हे मला कळत होतं. घाबरलेली माणसं मी रोज बघायची, पण ती सुईला घाबरायची. हा माणूस बरं व्हायला घाबरत होता.

दाढ जिवंत आहे का ते बघायची आमची एक साधी रीत आहे. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारायचा आणि तो दाढेला टेकवायचा. मी आधी डाव्या बाजूच्या चांगल्या दाढेला टेकवला. अण्णा खुर्चीतून हातभर उडाले. मग उजव्या दाढेला टेकवला. अण्णा डोळे घट्ट मिटून वाट बघत राहिले.

"टेकवा ना बाई."

"टेकवला. काढलाही."

"मंग?"

"अण्णा, तुमची नस मेलेलीच आहे. कधीच मेली. कित्येक महिने झाले असतील."

काकू सावकाश म्हणाल्या, "मयत झालं, आन् ह्यांना पत्ताच नाय."

"म्हंजी उन्हाळी मक्याचा आख्खा सीझन मी मेलेल्या दाढंवर काढला?" अण्णा उठून बसले. "आन् ते मंग कळत कसं व्हतं मला?"

मी म्हटलं, "अण्णा, बैल खुंट्याला बांधता. बैलानं हिसका दिला तर खुंट्याला कळतं का? खुंटा लाकूड. पण खुंट्याभोवतीची जमीन हलते. दाढेचं तसंच आहे. नस म्हणजे खुंट्याच्या आतला गाभा. तिला फक्त गार-गरम कळतं आणि ठणकायचं कळतं. कडक काय, मऊ काय, दाणा फुटला की दबला, हे दाढेच्या मुळांभोवतीच्या जमिनीला कळतं. ती जमीन मी काढणार नाही. फक्त आतून पोखरलेला खुंटा साफ करून भरणार."

अण्णांनी जिभेनं दाढ चाचपली. "आन् नाय कळलं तर?"

"कळेल," मी म्हटलं.

"शब्द?"

"शब्द."

ते बाहेर औषध घ्यायला गेल्यावर आपा माझ्यावर घसरली. "इत्ते यकीन से कायकू बोले बाई? दाढ की वकील हैं क्या तुम?" तिचं चुकत नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं मला पाठ होतं, पण पुस्तक लिहिणारा सिल्लोडच्या मोंढ्यात कधी बसला नव्हता.

पहिल्या दिवशी दाढ उघडली, साचलेला पू निघाला आणि दाब गेला. अण्णा रबराच्या पडद्याखाली घोरायला लागले. हे पुष्कळांचं होतं. कित्येक रात्री झोपलेले नसतात, दुखणं थांबलं की खुर्चीतच झोपतात. आत औषध ठेवून वर कच्चं सिमेंट भरलं आणि बजावलं, "अण्णा, हे तात्पुरतं आहे. या बाजूनं कडक काही खायचं नाही."

"व्हय," अण्णा म्हणाले.

पुढच्या खेपेला सिमेंटचा तुकडा उडालेला होता आणि भोकात काहीतरी पिवळं अडकलं होतं. मी ते चिमट्यानं काढून उजेडात धरलं. मक्याचा दाणा. अर्धा.

"अण्णा, हे काय? खायचं नाही म्हटलं होतं ना?"

"खाल्ला नाय. तपासला."

"एकच झालं."

"एक कसं? खाल्लेला पोटात जातो. तपासलेला थुकावा लागतो." अण्णांना माझी कीव आल्यासारखं दिसलं. "मका लवकर आला औंदा. चार मानसं तोंडाकडं बघत हुबी. नाय कसं म्हनू?"

आपा सिमेंट कालवता कालवता हसू दाबत होती. मी नळ्या पुन्हा धुतल्या. त्या दिवशी भरायच्या होत्या, त्याऐवजी पुन्हा औषध ठेवावं लागलं आणि अण्णांची एक फेरी वाढली. त्यानंतरच्या फेरीत नळ्या रबरासारख्या पदार्थानं टोकापर्यंत भरल्या आणि एक्स-रे काढून खात्री केली. मग माप घेतलं. टोपी कसली बसवायची म्हणून विचारलं, तर अण्णा म्हणाले, "दिसायला कशी बी असूद्या, फुटाया नाय पायजे." म्हणून धातूची केली.

टोपी बसवायच्या दिवशी इंजेक्शन लागत नाही. टोपी चिकटवली, सिमेंट घट्ट होईपर्यंत थांबवलं. मग अण्णांनी खिशातून रुमालाची गाठ काढली. आत मका होता, त्याच सकाळी मोंढ्यात आलेल्या ढिगातला. एवढ्यात कडक काही चावू नका म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर दाणा दाढेखाली गेला होता.

कट्.

अण्णांनी दुसरा घेतला. कट्. तिसरा. कट्. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कळतंय का अण्णा?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कळतंय की. चांगलं कळतंय. वाळलेला हाय." ते रुमालाकडे बघत राहिले. "पर सकाळी याच मक्याला मी दोन उन्हं म्हनलो."

"सकाळी पुन्हा तपासला?"

"हळूच तपासला. कच्चं सिमेंट उडंल म्हनून."

हळूच. तो शब्द ऐकला आणि मी हातातलं हत्यार खाली ठेवलं. "अण्णा, दाढ दुखायला लागल्यापासून तुम्ही हळूच चावत होता?"

"मंग? वर्षभर ठणकायची ना. जोर लावला की मस्तकात कळ जायची."

जोर लावला नाही तर वाळलेला दाणाही फुटत नाही. खुंट्याभोवतीची जमीन सुजलेली होती आणि अण्णा गेलं वर्षभर मक्यालाच ओला म्हणत होते.

"तरीच," काकू म्हणाल्या. "तरीच लोक म्हनायचे, अण्णा औंदा लई कडक झाले. व्यापारी तेवढे खूश. लोकांनी दोन-दोन, चार-चार दिस रोडवर मका पसरला."

अण्णांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली, नीट, घट्ट. दारात काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "कुनाला बोलायचं नाय हं." काकूंना वाटलं, आपण हळू बोललो, पण मला ऐकू आलं. माझं रूट कॅनाल उत्तम झालं होतं, शब्द खरा ठरला होता, आणि पेशंट मान खाली घालून पायऱ्या उतरत होता. मला मुळीच बरं वाटलं नाही.

दिवाळीनंतर फर्दापूरच्या शाळेत दातांचं शिबिर होतं. परतताना सिल्लोड लागतं. आपा म्हणाली, "चलो, तुम्हारी दाढ देखके आते." तिलाही चैन नव्हतं. आम्ही मोंढ्यात शिरलो. सगळीकडे मक्याचे पिवळे ढीग आणि नाकात जाणारी धूळ. अण्णांच्या दुकानापुढं माणसं जमलेली. मधे एक वयस्कर शेतकरी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"अण्णा, दाढ नकली बसवली म्हनं तुमी?"

"टोपी नकली हाय. खालची महीच हाय."

"लोखंडाला मका कळतो व्हय?"

अण्णांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "मला नका इचारू. ह्या डाक्टरीणबाई. ह्यांनीच केली."

सगळा मोंढा माझ्याकडे वळला. मी कॉलेजात शिकवलंय, परिषदेत बोललेय, पण मक्याच्या पोत्यावर बसून रूट कॅनाल समजावण्याची ती पहिली वेळ. बैल, खुंटा, जमीन, सगळं सांगितलं. आपाने शेवटी जोड दिली, "दाढ असली है. कसम से." माझ्यापेक्षा त्या कसमेनंच काम झालं असावं.

अण्णांनी त्या शेतकऱ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा दाणा काढला. दाढेखाली धरला. कट्.

"बांधा."

"बांधा?" शेतकरी चकित झाला. "एक बी ऊन नाय? गेल्या साली ह्याच वावरातला, एवढाच वाळवलेला मका तुमी चार दिस रोडवर पसरायला लावला व्हता!"

आता गप्प बसणं किती सोपं होतं. हवा वेगळी होती म्हणायचं, बियाणं वेगळं होतं म्हणायचं. कुणी विचारलं नसतं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"गेल्या साली तुमचा मका वाळलेलाच व्हता. मही दाढ सुजलेली व्हती. दुखायची म्हनून हळू चावायचो, आन् मक्याला नाव ठेवायचो. मला कळलं नाय. पर चूक मही."

हमालांनी पोती उचलायची थांबवली. आपाने माझा हात धरला, पेशंटचा धरते तसा.

"म्हंजी आमची बायकापोरं चार दिस रोडवर राखन बसली, ती तुमच्या दाढंपायी?"

"व्हय."

"मंग अण्णा, मका कशाला वाळवायला लावला? दाढच उन्हात ठेवायची व्हती!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. अण्णा हसले नाहीत, पण त्यांचा श्वास मोकळा झालेला मला दिसला. शेतकऱ्यानं मात्र विषय सोडला नाही. तो तिथल्या वजनकाट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या काट्याला सरकारचा शिक्का मारून आनता ना? मंग औंदापासून दाढंला बी आनायचा. सीझनच्या आधी."

लोक "बराबर हाय" म्हणाले आणि ते खरोखरच ठरलं.

तेव्हापासून दसऱ्याच्या आधी अण्णा सिल्लोडहून येतात. दुखत काही नसतं. भाची बसलेली असली तरी शिक्का माझाच लागतो, म्हणून मला घरून बोलावून घेतात. मी आरशानं बघते, हत्याराच्या दांड्यानं दाढेवर टकटक करते, एक्स-रे काढते आणि कागदावर सही करते. तो कागद दुकानात काट्याच्या शेजारी लावलेला असतो म्हणे. साऱ्या आयुष्यात बिनदुखता, आपल्या पायांनी, वेळेवर आलेला हा माझा एकच पेशंट.

यंदाही आले. मी सगळं तपासलं, सहीला पेन उचललं. तेवढ्यात काकू पुढे झाल्या आणि त्यांनी माझ्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं.

"बाई, घाई करू नका. नीट ठोकून बघा," त्या म्हणाल्या. "परवापासून ह्यांना मही भाकर कडक लागू राह्यली."